घरंगळणारी गोटी का थांबते? गॅलिलिओचे जीवन आणि गतीचा धडा



बल आणि गती हा घटक शिकवायला घेतला की पुस्तक उघडायच्या आधी मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. अंगणात चेंडू ढकलला, तो थोडा पुढे गेला आणि थांबला. का थांबला? बहुतेक मुलं सांगतात की त्याच्यातला जोर संपला. घरी मोठ्या माणसांना विचारून बघा, तीही साधारण हेच सांगतील.

हे उत्तर बरोबर नाही. पण म्हणून मुलाला लगेच खाली बसवू नका. कारण सुमारे दोन हजार वर्षे जगातले मोठमोठे विद्वान असंच काहीतरी मानत होते. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याच्या मते वस्तू चालत राहायची असेल तर तिला कुणीतरी ढकलत राहायला हवं. पुढे मध्ययुगातले पंडित म्हणू लागले की ढकलताना वस्तूत एक प्रकारचा जोर भरला जातो आणि तो हळूहळू ओसरतो. म्हणजे आपल्या वर्गातला मुलगा जे बोलतो ते त्या काळी विद्यापीठांत शिकवलं जात होतं!

हे उत्तर बदलण्यासाठी ज्याने आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षे विचार केला, त्या गॅलिलिओ गॅलिलीचे चरित्र आज आपण पाहणार आहोत. गॅलिलिओ म्हटलं की दुर्बीण आणि गुरूचे चंद्र आठवतात. आज मात्र आपण त्याच्याकडे लाकडी फळी आणि धातूच्या गोळीच्या बाजूने बघू.

बालपण आणि शिक्षण

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा या गावी झाला. वडील विन्चेन्झो हे संगीतकार. ल्यूट नावाचे तंतुवाद्य ते वाजवत आणि संगीतावर पुस्तके लिहीत. या वडिलांची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. जुन्या ग्रंथांत लिहिले होते की तारेला टांगलेले वजन दुप्पट केले की स्वर खालच्या सा वरून वरच्या सा वर जातो. विन्चेन्झोंनी खरोखर तारांना वजने टांगून पाहिली. तेव्हा कळले की वजन दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागते. ग्रंथात लिहिलेले असले तरी एकदा करून बघावे, ही सवय गॅलिलिओच्या घरातच होती.

मुलाने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा. त्यासाठी त्याला पिसाच्या विद्यापीठात घातले. पण गॅलिलिओचे मन वैद्यकात रमेना. त्याला गणिताची गोडी लागली आणि १५८५ साली तो पदवी न घेताच घरी परतला. आजच्या पालकांना घाम फुटावा अशीच ही गोष्ट, नाही का? घरची परिस्थिती काही फार चांगली नव्हती. काही वर्षे त्याने खासगी शिकवण्या केल्या. शेवटी १५८९ मध्ये त्याच पिसाच्या विद्यापीठात त्याला गणित शिकवायची नोकरी मिळाली. पगार वर्षाला ६० स्कूडी. वैद्यक शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या मानाने हा पगार अगदीच तुटपुंजा होता.

मनोऱ्याची गोष्ट आणि पहिले उत्तर

पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून एक जड आणि एक हलका गोळा टाकल्याची गोष्ट आपण सगळेच सांगतो. ती सांगायला हरकत नाही, पण एक काळजी घ्या. ही गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी याने नंतर लिहिलेल्या चरित्रात आली आहे. गॅलिलिओने स्वतः आपल्या कुठल्याही पुस्तकात तिचा उल्लेख केलेला नाही.

त्याने जो युक्तिवाद लिहून ठेवला आहे तो मनोऱ्यापेक्षा सोपा आहे. त्याला साहित्यही लागत नाही. समजा, जड दगड भरभर पडतो आणि हलका दगड सावकाश पडतो. आता दोन्ही दगड दोरीने एकत्र बांधले. हलका दगड जड दगडाला मागे ओढेल, म्हणजे जोडी जड दगडापेक्षा हळू पडायला हवी. पण दोन्ही मिळून वजन तर वाढले, म्हणजे जोडी जास्त वेगाने पडायला हवी! एकाच वेळी दोन्ही कसे होणार? म्हणजे आपण जे धरून चाललो तेच चुकले. पाचवी-सहावीच्या मुलांना हा युक्तिवाद फळ्यावर दोन दगड काढून सांगा, मुलं हातवारे करत भांडू लागतात.

आता आपल्यासाठी महत्त्वाची बाब. पिसात असताना गॅलिलिओने गतीवर एक हस्तलिखित तयार केले. त्यात त्याने अॅरिस्टॉटलला विरोध केला, पण स्वतःचे उत्तरही चुकलेलेच होते. वेगवेगळ्या पदार्थांच्या वस्तू आपापल्या घनतेप्रमाणे वेगवेगळ्या, पण ठरावीक वेगाने खाली पडतात असे त्याला वाटत होते. वर फेकलेल्या वस्तूतला जोर हळूहळू ओसरतो असेही त्यात आहे. अगदी आपल्या विद्यार्थ्यांसारखे! हे हस्तलिखित त्याने छापले नाही. बाजूला ठेवले आणि विचार चालू ठेवला.

पाडुआ : फळी, गोळी आणि पाण्याचे घड्याळ

१५९१ मध्ये वडील वारले. मोठा मुलगा म्हणून घराची जबाबदारी अंगावर आली. बहिणीच्या हुंड्याचे पैसेही द्यायचे होते. १५९२ मध्ये व्हेनिसच्या राज्यातील पाडुआ विद्यापीठात त्याला अधिक पगाराची नोकरी मिळाली. तेथे तो अठरा वर्षे राहिला. तरी पैसे पुरत नसत. घरी विद्यार्थी ठेवून त्यांना शिकवणे, मोजमापाची उपकरणे बनवून विकणे असे उद्योग तो करत असे. मरीना गाम्बा या स्त्रीपासून त्याला व्हर्जिनिया, लिव्हिया आणि विन्चेन्झो अशी तीन मुले झाली. एवढा सगळा संसार सांभाळत त्याने गतीचे खरे काम केले ते इथेच.

अडचण काय होती बघा. वरून सोडलेला दगड पहिल्या एका सेकंदातच सुमारे पाच मीटर खाली येतो. त्या काळी सेकंद अचूक मोजता येईल असे घड्याळ हाताशी नव्हते. मग मोजणार कसे? गॅलिलिओने युक्ती केली. पडणे सावकाश करायचे! उभ्या दिशेने टाकण्याऐवजी वस्तू उतारावरून घरंगळू द्यायची.

त्याने सुमारे सात मीटर लांबीची लाकडी तुळई घेतली. तिच्या कडेवर बोटभर रुंदीची सरळ खाच पाडली. खाच घासून गुळगुळीत केली आणि आत नितळ चर्मपत्र चिकटवले. तुळईचे एक टोक थोडे उचलले आणि खाचेतून कांस्याची गुळगुळीत, कडक, गोल गोळी सोडली. वेळ मोजण्यासाठी एक मोठे पाण्याचे भांडे उंचावर ठेवले. त्याच्या तळाला बारीक नळी. गोळी सुटली की धार सुरू, गोळी पोहोचली की धार बंद. पेल्यात साठलेले पाणी तराजूत तोलायचे. पाण्याचे वजन म्हणजेच वेळ! आपल्याकडे पूर्वी घटिकापात्र वापरत, त्याची आठवण होते ना? असे प्रयोग त्याने शंभर-शंभर वेळा केले.

त्यातून काय दिसले? उताराच्या एक चतुर्थांश लांबीला पूर्ण लांबीच्या निम्मा वेळ लागतो. म्हणजे वेळ दुप्पट केला तर अंतर चौपट, वेळ तिप्पट केला तर अंतर नऊपट. पहिल्या क्षणात गोळी एक भाग गेली तर दुसऱ्या क्षणात तीन भाग, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. विषम संख्या! बेरीज करत जा, १, ४, ९, १६ असे वर्ग मिळतात. चौथीच्या मुलालाही हा आकृतिबंध दिसतो.

पण इथेही गाडी सरळ पुढे गेली नाही. १६०४ मध्ये त्याने आपला मित्र पाओलो सार्पी याला पत्र लिहून हा नियम कळवला. मात्र त्याचे कारण देताना वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे धरले. ते चुकीचे होते. वेग वाढतो तो वेळेच्या प्रमाणात, हे त्याला नंतर उमगले. उत्तर बरोबर, रीत चूक! असे पेपर आपण दर वर्षी तपासतो.

उतार, चढ आणि सपाट जमीन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोटी थांबते का?

गॅलिलिओचा विचार असा होता. गोळी उतारावरून खाली येते तेव्हा तिचा वेग वाढत जातो. चढावर जाते तेव्हा वेग कमी होत जातो. एका उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत चढते. समोरचा चढ कमी तिरका केला तर तीच उंची गाठायला तिला जास्त लांब जावे लागते. आणखी कमी केला तर आणखी लांब. आणि चढच नसला, जमीन अगदी सपाट आणि गुळगुळीत असली तर? उतार नाही म्हणून वेग वाढायला कारण नाही, चढ नाही म्हणून कमी व्हायलाही कारण नाही. मग ती थांबेल कशाला? जातच राहील.

म्हणजे अंगणातला चेंडू थांबतो तो त्याच्यातला जोर संपतो म्हणून थांबत नाही. माती, गवत, खडे आणि हवा त्याला अडवतात म्हणून तो थांबतो. वस्तू चालत राहायला बल लागत नाही. तिचा वेग किंवा दिशा बदलायला बल लागते. या पाठात मुलांच्या हाती एकच गोष्ट द्यायची असेल तर ती ही द्या.

१६०८ च्या सुमाराचे त्याच्या टिपणांचे एक पान आजही जपून ठेवलेले आहे. उतारावरून आलेली गोळी टेबलावरून उडून जमिनीवर किती लांब पडते याची मापे त्यावर आहेत. यातून त्याने दाखवले की फेकलेल्या वस्तूत दोन गती एकत्र असतात. पुढे जाण्याची गती आहे तशी राहते आणि खाली पडण्याची गती वाढत जाते. दोन्ही मिळून जी वक्र वाट तयार होते तिला पॅराबोला किंवा अन्वस्त म्हणतात. क्रिकेटचा चेंडू साधारण याच वाटेने जातो, हवेमुळे थोडा फरक पडतो इतकेच.

गोळीचा प्रश्न पृथ्वीपर्यंत जातो

१६०९ मध्ये त्याने दुर्बीण बनवली आणि पुढची बरीच वर्षे आकाशात गेली. जानेवारी १६१० मध्ये त्याने गुरूचे चंद्र पाहिले, तो फ्लॉरेन्सला परतला, युरोपभर त्याचे नाव झाले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत तो मांडू लागला.

याचा आपल्या पाठाशी काय संबंध, असे वाटेल. संबंध फार जवळचा आहे. विरोधक विचारत, पृथ्वी फिरत असेल तर मनोऱ्यावरून टाकलेला दगड पायथ्याशी कसा पडतो? दगड पडेपर्यंत मनोरा पुढे निघून जायला हवा! जोपर्यंत ढकलल्याशिवाय गती नाही असे लोक मानत होते तोपर्यंत या प्रश्नाला उत्तर नव्हते. गॅलिलिओने सांगितले की दगडाला मनोऱ्याची गती आधीच मिळालेली असते आणि पडतानाही ती तशीच राहते. संथ पाण्यात एकसारख्या वेगाने चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत थेंब सरळ खालच्या भांड्यात पडतात, फुलपाखरे सगळ्या बाजूंना सारखीच उडतात. जहाज चालले आहे की थांबले आहे हे आतून कळत नाही. आपण एसटीत बसून शेंगदाणा वर उडवतो आणि तो परत हातातच येतो, तीच ही गोष्ट.

हे सगळे त्याने १६३२ मध्ये एका पुस्तकात, विद्वानांची लॅटिन सोडून साध्या लोकांच्या इटालियन भाषेत, तीन मित्रांच्या गप्पांच्या रूपात लिहिले. पुस्तकावर बंदी आली. १६१६ मध्येच चर्चने त्याला ताकीद दिलेली होती. आता त्याला रोमला बोलावून खटला चालवला. २२ जून १६३३ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, गुडघे टेकून त्याला आपले मत सोडल्याचे जाहीर करावे लागले. त्यानंतर तो पुटपुटला की पृथ्वी तरीही फिरतेच, अशी एक कथा सांगतात. खटल्याच्या कागदपत्रांत तिला आधार नाही, त्यामुळे मुलांना सांगताना कथा म्हणूनच सांगा.

शिक्षा झाली ती नजरकैदेची. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावातील आपल्या घरी त्याने राहायचे, बाहेर जायचे नाही, नवे काही छापायचे नाही.

अंधारातले पुस्तक

घराजवळच्या मठात त्याची थोरली मुलगी व्हर्जिनिया साध्वी म्हणून राहत होती. तिचे मठातले नाव मारिया चेलेस्ते. वडिलांचे कपडे शिवणे, औषधे करून पाठवणे, पत्रांतून धीर देणे हे सगळे ती करी. तिची १२४ पत्रे आजही उपलब्ध आहेत. वडिलांना शिक्षा म्हणून दर आठवड्याला जी सात स्तोत्रे म्हणायची होती ती म्हणण्याचे कामही तिने स्वतःकडे घेतले. वडील आर्चेत्रीला परतल्यावर काही महिन्यांतच, २ एप्रिल १६३४ रोजी, ती वारली. तेव्हा ती अवघी ३३ वर्षांची होती.

गॅलिलिओ खचला. सत्तरी आलेली, घराबाहेर पडायची बंदी, आधार गेलेला. अशा वेळी त्याने पाडुआतली ती जुनी टिपणे पुन्हा काढली. फळी, गोळी, पाण्याचे वजन, टेबलावरून उडालेल्या गोळीची मापे. तीस वर्षे पडून राहिलेले काम त्याने पुरे केले. हस्तलिखित गुपचूप इटलीबाहेर गेले आणि १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे पुस्तक छापले गेले. प्रस्तावनेत त्याने असे दाखवले की हे छापले जाणार याची आपल्याला कल्पनाच नव्हती! पुस्तक प्रसिद्ध होईपर्यंत त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली होती. ज्या डोळ्यांनी गुरूचे चंद्र पाहिले त्यांना आपलेच छापील पुस्तक दिसले नाही.

तरी काम थांबले नाही. १६३९ पासून तरुण विव्हियानी त्याच्याजवळ राहून लिहून घेऊ लागला. १६४१ मध्ये तोरिचेल्लीही आला, ज्याने पुढे वायुदाबमापक बनवला. लंबकाने घड्याळ चालवता येईल अशी योजना गॅलिलिओने अंध असतानाच मुलाला समजावून दिली. ८ जानेवारी १६४२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी त्याचे निधन झाले. मोठ्या स्मारकाला परवानगी मिळाली नाही. त्याचे अवशेष सन्मानाने स्मारकात ठेवायला १७३७ साल उजाडले.

गॅलिलिओच्या विचारातली सपाट जमीन पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळणारी होती. गती सरळ रेषेत तशीच राहते हे देकार्तने मांडले आणि १६८७ मध्ये न्यूटनने बल, वस्तुमान व गतीचे नियम एकत्र बांधले. जड आणि हलके एकदम पडते ही गोष्ट तर १९७१ मध्ये चंद्रावर दिसली. अपोलो १५ च्या अंतराळवीराने तेथे हातोडा आणि पीस एकदम सोडले. हवा नसल्यामुळे दोन्ही एकाच वेळी खाली पोहोचले.

वर्गात आणि घरी करून बघा

१. जाड पुठ्ठा दोन पुस्तकांवर तिरका ठेवा. एकाच उंचीवरून गोटी सोडा. आधी गोणपाटावर, मग सतरंजीवर, मग फरशीवर. गोटी किती वीत गेली ते मुलांना मोजू द्या. प्रत्येक वेळी सुरुवातीचा वेग तोच, मग अंतर का बदलले? जोर संपला म्हणणारे मूल इथे स्वतःच थांबून विचार करते.

२. कॅरम बोर्डावर पावडर न टाकता आणि टाकून, साधारण तेवढ्याच जोराने स्ट्रायकर मारा. घर्षण कमी झाले की काय होते ते शब्दांत सांगावे लागत नाही.

३. एकाच वहीचे दोन सारखे कागद घ्या. एकाचा बोळा करा, एक तसाच ठेवा. दोन्ही एकदम सोडा. वजन सारखेच, तरी आधी कोण पडले? आता दुसऱ्याचाही बोळा करा आणि पुन्हा सोडा.

४. टेबलाच्या कडेला फूटपट्टी अशी ठेवा की तिचे एक टोक बाहेर राहील. त्या टोकावर एक नाणे ठेवा. दुसरे नाणे टेबलाच्या कडेजवळ, पट्टीला लागून ठेवा. पट्टीला झटका द्या. एक नाणे सरळ खाली पडते, दुसरे लांब उडते. डोळे मिटून आवाज ऐका. दोन आवाज येतात की एक?

प्रत्येक कृतीच्या आधी मुलांचा अंदाज वहीत लिहून घ्या आणि चुकला तरी खोडू देऊ नका. खाली निरीक्षण लिहू द्या. गॅलिलिओलासुद्धा घनतेच्या चुकीच्या उत्तरापासून वेळेच्या बरोबर उत्तरापर्यंत यायला पंधराहून अधिक वर्षे लागली, आणि त्याच्या जुन्या टिपणांमुळेच आज आपल्याला ते कळते. आपल्या मुलांना निदान एक तासिका तरी देऊ या. पालकांनी घरी एवढेच करावे, उत्तर सांगायच्या आधी गोटी आणि फळी हातात द्यावी.